ताणून बसवलेली बॅटरी

१

मास्तर गेले ते गाडीत बसूनच. भर दुपारी, स्वतःच्या अंगणात, एक हात छातीवर आणि दुसरा किल्लीवर. हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर होतं. गाडी सुरू झाली असती तर आज ते खाटेवर उठून बसून नर्सांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढत असते. गाडी सुरू झाली नाही. बॉनेट उघडलं तर आत पोट फुगलेली, टर्मिनलवर हिरवट बुरशी चढलेली एक खराब बॅटरी. आणि कपाटात बिल मात्र नव्या बॅटरीचं, गेल्याच आठवड्यातलं.

एवढं पुरे होतं. माणूस गेला की लोकांना आधी रडायचं असतं आणि डोळे पुसून झाले की कुणालातरी झोडायचं असतं. ऊन कलायच्या आत बॅटरीवाल्याचं दुकान फुटलं. काउंटर, काच, चार्जिंगचं मशीन, सगळं रस्त्यावर आलं. ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच्याकडून बॅटरीत फुकट पाणी भरून घेतलं होतं, तेच दगड घेऊन पुढे होते. मास्तरांच्या मुलाने, तो बांधकामाचा कंत्राटदार, तक्रार दिली: नव्या बॅटरीचे पैसे घेतले, जुनीच परत बसवली, माझ्या बापाचा जीव घेतला.

बॅटरीवाल्याला सगळा बाजार ‘करंट’ म्हणायचा. बारा व्होल्टच्या बॅटरीचा शॉक बसत नाही हे तो गिऱ्हाइकांना घसा सुकेपर्यंत समजावायचा, म्हणून लोकांनी मुद्दाम ठेवलेलं नाव. आता तोच करंट चौकीच्या कोठडीत भिंतीला टेकून बसला होता आणि गजांबाहेर त्याची थोरली बहीण उभी होती. ती वकील. दोघं वाढले बापाच्या दुकानात, ॲसिडच्या वासात. बहीण कायद्याकडे गेली, भावाने दुकान धरलं.

“ताई, मी सही करणार आहे,” करंट म्हणाला.

फौजदाराने त्याला समजावलं होतं, की चुकून जुनी बसवली असं लिहून दे, म्हणजे गुन्हा हलका होईल. नाहीतर मरणाचं कलम डोक्यावर. संध्याकाळपर्यंत विचार कर.

वकीलबाई भडकल्या. बसवली होतीस का जुनी, एवढंच सांग, म्हणाल्या.

करंट म्हणाला, की काढलेली आणि बसवायची, दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. घरी पोरगी तापाने फणफणलेली, डोकं ठिकाणावर नव्हतं. नवीच बसवली असं हात म्हणतो. पण सगळं गाव एका बाजूने ओरडायला लागलं की आपल्याच हाताचा भरवसा राहत नाही. “झाली असेल गं चूक माझ्याकडून. आता मलाच कळेनासं झालंय.”

खोटं बोलणारा अशील वाचवता येतो. स्वतःवरचा विश्वास उडालेला अशील कसा वाचवायचा हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि हा तर पाठचा भाऊ.

त्या निघाल्या तेव्हा त्याने मागून सांगितलं. मास्तरांचा फोन आला होता, गेले त्याच्या आदल्या दिवशी. तशीच अजून एक बॅटरी घेऊन ये, घरात कुणाला कळू देऊ नकोस, म्हणाले. करंटला वाटलं म्हाताऱ्याच्या लक्षात राहिलं नसेल. आताच तर बसवली मास्तर, तीन-चार वर्षं बॉनेट उघडायला नको, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

वकीलबाई थबकल्या. मास्तर आयुष्यात काही विसरले नव्हते. तिसरीत कुणी कुठल्या बाकावर बसत होतं तेही ते सांगायचे. मग त्यांना दुसरी बॅटरी कशाला हवी होती?

२

गाडी चौकीच्या मागच्या अंगणात ओढून आणलेली होती. हवालदार ओळखीचा, त्याने बॉनेट उघडू दिलं.

बॅटरी एका दिवसात मरत नाही, असं वकीलबाईंचा बाप सांगायचा. रोज थोडी मरते. बघणारा बघत नाही म्हणून त्याला ती अचानक गेल्यासारखी वाटते. ही तर केव्हाच मेलेली होती. पण वकीलबाई बघत होत्या ते बॅटरीकडे नव्हे, वायरीकडे. प्लसची जाड वायर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताठ ताणली होती. बॅटरीच्या डोक्यावरून पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत ती कशीबशी पोचवली होती आणि क्लँप अर्धाच बसला होता.

ही उलट्या बाजूची बॅटरी होती. काही गाड्यांना प्लस डावीकडे लागतो, काहींना उजवीकडे. मास्तरांच्या गाडीला लागतो डावीकडे, आणि हिचा होता उजवीकडे. म्हणजे करंटने काढून घेतलेली मास्तरांची जुनी बॅटरी ती ही नव्हेच. ही कुठल्यातरी तिसऱ्याच गाडीची. आणि ज्याला या धंद्याचं ओ की ठो कळत नाही अशा माणसाने ती बसवलेली.

वकीलबाई धावतच फौजदाराकडे गेल्या. फौजदाराने ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला प्रकरण संपवायचं होतं. तो म्हणाला, की तुमच्या भावाचं दुकान असल्या भंगार बॅटऱ्यांनी भरलंय. त्यातलीच एक उचलून घुसवली असेल. उलटी काय नि सुलटी काय.

“बाई, तुमच्या भावाने नवी बसवली होती ना? मग ती गेली कुठे? बिलावर नंबर आहे. त्या नंबरची बॅटरी आणून माझ्या टेबलावर ठेवा आणि भावाला घरी घेऊन जा.”

त्यात गैर काही नव्हतं. नवी बॅटरी जिथे असेल तिथेच भावाची सुटका होती. फक्त ती शोधायची होती, आणि सूर्य माथ्यावरून ढळला होता.

३

मास्तरांच्या घरी कामवाली मावशी एकटीच होती. कंत्राटदार साइटवर गेला होता. बापाची राख निवली नव्हती आणि याला स्लॅब टाकायची घाई.

वकीलबाई आधी अंगणात फिरल्या. मास्तरांची गाडी उभी राहायची त्याच्या पलीकडे पत्र्याची शेड. शेडमध्ये ताडपत्री घडी करून ठेवलेली आणि जमिनीवर लहान गाडीच्या आकाराचा पांढुरका चौकोन. तिथे गवताची काडी उगवली नव्हती. बरीच वर्षं तिथे एक गाडी उभी होती आणि आता नव्हती.

मावशीने न विचारताच सांगून टाकलं, की ती सूनबाईंची माहेरची गाडी, भंगारात गेली. आणि सूनबाई माहेरी गेल्यात. दोन्ही वाक्यं पाठ केल्यासारखी.

वकीलबाई खाली वाकल्या. भंगारवाला नेतो तेव्हा गाडी फरफटत जाते, चाकं बसलेली असतात. इथे फाटकापर्यंत टायरची नक्षी छापल्यासारखी उमटली होती. चाकात कुणीतरी हवा भरली होती. म्हणजे गाडी स्वतःच्या पायांनी गेली. आणि उभ्या गाडीची बॅटरी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते, हे वकीलबाईंना शाळेच्या वयातच पाठ झालेलं. मेलेल्या बॅटरीवर ती गाडी फाटकाबाहेर गेली कशी?

चित्र जुळायला लागलं, आणि त्यांना वाटलं की ते कंत्राटदाराचंच आहे. बापाला हार्टचा त्रास हे त्याला ठाऊक. घर बापाच्या नावावर. नवी बॅटरी काढायची, मेलेली घालायची, आणि वाट बघायची. हात न लावता खून. आता याला सोडत नाही, असं त्या मनात म्हणतच होत्या, तेवढ्यात दोरीवर त्यांना तो सदरा दिसला.

पांढरा सुती सदरा. खिशाला शाईचा जुना डाग. आणि पोटाच्या जागी उंदराने कुरतडल्यासारखी भोकं, एका रेषेत.

मावशीचा चेहरा पडला. तिने गयावया केली, की मी काही केलं नाही. आजोबांचाच आहे, परवा धुवायला घेतला तेव्हा चांगला होता, पिळताना हातात फाटत गेला. साहेबांनी माझ्या तोंडावर फेकला, पावडरीने जाळलास म्हणाले. पण तिने पावडर नेहमीचीच वापरली होती.

वकीलबाई सदरा हातात धरून उभ्या राहिल्या. लहानपणी त्यांच्या आईने दोन्ही पोरांना याच भोकांवरून बदडलं होतं. बॅटरीचं ॲसिड कपड्यावर पडतं तेव्हा काहीच दिसत नाही. कपडा धुतला की मग त्याची चाळण होते. गळकी बॅटरी उचलायची म्हणजे पोटाशी कवटाळावी लागते, आणि पोटाशीच ही भोकं होती. कंत्राटदाराने नव्हे, मास्तरांनी स्वतः ती मेलेली बॅटरी लहान गाडीतून काढून आपल्या गाडीत नेली होती. त्याआधी आपली नवी बॅटरी लहान गाडीत ठेवली होती. डॉक्टरांनी पाण्याची बादली उचलायलाही मनाई केलेल्या माणसाने.

“सूनबाईंनी का नाही उचलली, मावशी?” त्यांनी हळूच विचारलं.

मावशी खाली बसली. पदर तोंडाला लावला. “त्यांचा हात नुकता प्लास्टरमधून निघाला होता. जिन्यावरून पडल्या असं सांगायचं ठरलं होतं. त्याच्या आधी दात पडला तेव्हाही जिनाच होता.”

मग सगळं बाहेर आलं. गाडी सूनबाईंच्या नावावर, म्हणून नवऱ्याने ती मुद्दाम उभी करून मारली. मास्तरांची गाडी नेली तर चोरीची तक्रार होणार. धक्का मारून हिची सुरू केली तर पहिल्याच पंपावर बंद पडणार आणि पुन्हा सुरू व्हायची नाही. म्हणून मास्तर म्हणाले, पोरी, माझी बॅटरी घेऊन जा. नंतर कुणी बॉनेट उघडलं तर जागा रिकामी दिसू नये, म्हणून हिची मेलेली तिथे कोंबली. उद्या नवी आणवतो, म्हणाले. सूनबाई कुठे गेल्या ते मावशीला माहीत नव्हतं. मास्तरांनी मुद्दामच विचारलं नव्हतं.

वकीलबाईंना कोडं उलगडलं आणि पायाखालची जमीनही सरकली. भावाला सोडवायचं तर नवी बॅटरी दाखवायला हवी. बॅटरी दाखवायची तर गाडी दाखवायला हवी. आणि गाडी दाखवली तर ती बाई.

मावशीने त्यांचा हात धरला. “आणखी शोधू नका, वकीलबाई. साहेबही तेच शोधतायत.”

४

शेजारी एक रिटायर नर्सबाई राहायच्या. मास्तरांचं ब्लडप्रेशर त्याच बघायच्या. त्यांनी चहा टाकला आणि कुणी विचारत नाही म्हणून रागावलेल्या माणसासारखं भडाभडा बोलायला लागल्या.

त्या दुपारी त्यांनी गोळी घेतली का विचारायला मास्तरांना फोन लावला. उचलला मुलाने. बाबा झोपलेत, म्हणाला. नर्सबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या, आणि खिडकीतून मास्तर अंगणात येरझारा घालताना दिसत होते. झोपलेत काय म्हणतो मेला, असं त्यांना वाटलं, पण बापलेकाचं काही बिनसलं असेल म्हणून गप्प बसल्या.

वकीलबाईंनी कप खाली ठेवला. मुलगा घरात होता का?

घरात कुठला. फोनमध्ये मिक्सर घरघरत होता, काँक्रीटचा, आणि कुणीतरी खडी टाकणाऱ्याला ‘गोटी कमी टाक’ म्हणून ओरडत होतं. नर्सबाईंचा नवरा मुकादम होता, त्यांना तो आवाज झोपेतही ओळखता आला असता.

मग त्या उठून ओटा पुसायला लागल्या, जो आधीच स्वच्छ होता. पाठ फिरवूनच म्हणाल्या, “त्यानंतर थोड्या वेळाने एक आवाज आला. कण्हल्यासारखा. मला वाटलं मांजर आहे. तो हॉर्न होता हो. मेल्या बॅटरीवर तेवढाच वाजला. मी खिडकी लावून घेतली.”

मावशीने जाता जाता सांगितलेलं आता वकीलबाईंना उमगलं. सकाळी मास्तरांनी तिचा फोन मागितला होता आणि तिच्या फोनमध्ये चार्जिंग नव्हतं. मास्तरांकडे स्वतःचा फोन नव्हता. तो मुलाच्या खिशात होता, साइटवर. छातीत कळ आली तेव्हा म्हाताऱ्याजवळ ना ॲम्ब्युलन्स बोलवायला फोन होता, ना हाक मारायला घरात माणूस. होती ती फक्त गाडी. ती चालणार नाही हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, तरी तो तिच्यात जाऊन बसला.

५

साइटवर कंत्राटदाराने वकीलबाईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं. दुःखात असलेला मुलगा दिसावा तसा दिसत होता. सांत्वनाचे चार शब्द झाल्यावर तो जवळ सरकला. म्हणाला, की मला तुमच्या भावाचं वाईट वाटतं. तो सुटावा असं मलाही वाटतं.

“नवी बॅटरी कुठे गेली ते शोधा ना तुम्ही. तुम्ही हुशार आहात. सापडली की मी तक्रार मागे घेतो. बाबांनी शेवटचा फोन तुमच्या भावालाच केला होता. त्याला ठाऊक असणार.”

आणि वकीलबाईंना एका क्षणात सगळं लख्ख दिसलं. हा माणूस दिवसभर मिक्सर, डंपर, व्हायब्रेटर हाताळतो. बॉनेट उघडल्याबरोबर त्याने ओळखलं असणार की ही बॅटरी बायकोच्या गाडीची. करंट निर्दोष आहे हे सगळ्यात आधी याला कळलं. तरी तक्रार दिली. शिक्षा व्हावी म्हणून नव्हे. निरपराध माणसाला पिळलं की त्याचे सगेसोयरे जीव काढून बॅटरी शोधणार, आणि बॅटरीपाठोपाठ बायको. बायको पळाली हे चौकीत सांगायची याला लाज वाटत होती. म्हणून त्याने करंटला गळाला लावलं होतं आणि वकीलबाईंना पाण्यात सोडलं होतं.

“बॅटरी मी शोधणार नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “मी फोन शोधला.”

तो हसायला लागला तोच त्यांनी नर्सबाईंचं नाव घेतलं. मिक्सरचा आवाज सांगितला, गोटी कमी टाकायला सांगितलं तेही सांगितलं. हार्टच्या पेशंटचा फोन हिसकावून त्याला एकटा सोडला याला कायद्यात काय म्हणतात ते सांगितलं. साक्षीदार दोन आहेत आणि दोघीही चिडलेल्या आहेत, हेही.

कंत्राटदाराचा चेहरा ओल्या सिमेंटसारखा झाला. “मी बाबांना मारलं नाही. फक्त कुणाला फोन केलेत ते बघायला घेतला होता. संध्याकाळी देणारच होतो.”

मागे मिक्सर फिरत राहिला.

मग त्यांनी अट सांगितली. आत्ता चौकीत यायचं. बाबांनी बॅटरी स्वतःच काढून भंगारवाल्याला दिली, म्हातारपणामुळे, मला ठाऊक होतं, दुःखाच्या भरात तक्रार केली, असं सांगायचं. आणि बायकोचा माग आजपासून सोडायचा. ज्या दिवशी तिच्या दिशेने पाऊल पडेल, त्या दिवशी नर्सबाई फौजदारासमोर बसलेल्या असतील.

“आणि मी हे केलं तर तुम्ही गप्प बसाल?” त्याने विचारलं.

वकीलबाईंना या माणसाला कोर्टात उभा चिरायचा होता. पण उलटतपासणी कशी जाते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? फोन का घेतला? कुणाला शोधायला? ती कुठे आहे? बोलवा तिला. आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिलं की पहिलाच प्रश्न असतो नाव, वय, राहणार कुठे. त्यांनी स्वतः कितीतरी बायकांना तो विचारला होता, भर कोर्टात, नवरे मागच्या बाकावर बसलेले असताना. मास्तरांना न्याय द्यायचा तर मास्तरांनी जिच्यासाठी जीव टाकला तिचाच पत्ता द्यावा लागणार होता.

“बसेन,” त्या म्हणाल्या. तो शब्द त्यांना तोंडातून ओढून काढावा लागला.

६

चौकीत सगळं पटकन उरकलं. खोटं बोलणारा माणूस प्रतिष्ठित असला की कागद भराभर होतात. फौजदाराने दोघांनाही समजावलं, की असं होतं, दुःखात माणसाचं भान सुटतं, आता मनात ठेवू नका. त्याला भंगारवाल्याची गोष्ट पटली होती की नाही कोण जाणे, पण टेबल रिकामं झालं हे त्याला नक्की पटलं होतं.

करंट बाहेर आला. उजेडात डोळे मिचकावत बहिणीकडे बघायला लागला. सही करायचा कागद अजून त्याच्या मुठीत चुरगळलेला होता.

“म्हणजे माझी चूक नव्हती?”

“नव्हती. तू नवीच बसवली होतीस.”

त्याने ते दोनदा म्हणवून घेतलं. मग विचारलं, की नवी कुठे गेली. वकीलबाई म्हणाल्या, घरी चल, जेव, पोरीला बघ. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्यांना माहीत होतं. हे त्याला आज नाही, कधीच सांगता येणार नव्हतं.

चौकीच्या पायऱ्यांवर माणसं जमली होती. दुकान फोडणारे त्यांतच होते, आता खाली बघत. एकाने पाण्याची बाटली पुढे केली. एवढ्यात कंत्राटदार बाहेर आला. सगळ्यांसमोर तो करंटजवळ गेला, हात जोडले, चुकलो म्हणाला, आणि त्याला मिठी मारली. माणसं हळहळली. बाप गेला तरी मन किती मोठं, असं कुणीतरी म्हणालं.

करंट भोळा. त्या मिठीत तो ढसाढसा रडला. कोठडीतलं सगळं रडू त्याने त्याच खांद्यावर सांडलं. मग पाठीवरून हात फिरवत त्यानेच कंत्राटदाराचं सांत्वन सुरू केलं. मास्तर देवमाणूस होते, तुम्ही खचू नका, तुम्ही त्यांच्यासाठी खूप केलंत.

कंत्राटदाराने भावाच्या खांद्यावरून वकीलबाईंकडे बघितलं.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. काहीतरी बोलायला हवं होतं, नाहीतर कुणाला शंका आली असती. वकीलबाई पुढे झाल्या, कंत्राटदाराला नमस्कार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आभारी आहोत तुमचे.”